साहेब, तीनदा सांगा!

माझे कान ठणठणीत होते आणि मी उभी नोकरी बहिरा म्हणून केली. हे सांगून सांगून मी थकलोय, पण विचारणारे थकत नाहीत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

इंग्रज नुकतेच देश सोडून गेले होते. आमच्या पास्कूकाकांचा साहेब तेवढा मागे राहिला होता. तो मुंबईच्या एका कापडगिरणीत विव्हिंग मास्तर, म्हणजे मागांच्या खात्याचा मुख्य, आणि काका त्याच्या बंगल्यावर आचारी. मी मॅट्रिक होऊन गावी, समुद्रकाठच्या राजोडीला, घरच्या केळींना पाणी लावत बसलो होतो. काकांनी साहेबाला जेवण वाढता वाढता माझं घोडं पुढे दामटलं. साहेब म्हणाला, रविवारी समुद्रावर पोहायला येतो, तेव्हा पोराला बघतो.

या बघण्यावर नुसती नोकरी नव्हे, लग्नही टांगलेलं होतं. शेजारच्या नंदाखाल गावच्या इनासबाबांनी साफ सांगितलं होतं, "पोऱ्या साहेबाच्या हाताखाली लागला, तर आमची पोरगी कात्रीन देतो. नायतर नाय." आणि मला कात्रीन फार आवडत होती. (हे तिला अजून सांगितलेलं नाही.)

इंग्रजीची मला धास्ती नव्हती. डिक्टेशनमध्ये मी शाळेत पहिला! आमचे मास्तर प्रत्येक वाक्य तीनदा म्हणत, अगदी आपल्या मराठी चालीत, एकेका अक्षराला न्याय देऊन. मधले कॉमा आणि फुलस्टॉपसुद्धा मोठ्यानं उच्चारीत. इंग्रजी अशीच बोलतात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती मी ऐकलीच नव्हती!

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून अर्धी राजोडी आमच्या अंगणात जमली. ओट्यावर खुर्चीत साहेब, बाकावर इनासबाबा आणि मधे मी. साहेबानं तोंड उघडलं. एका दमात जे काही बाहेर पडलं, त्यात ना कॉमा, ना फुलस्टॉप! (तो लँकेशायरचा होता, हे पुढे कळलं. तिकडे म्हणे अर्धे शब्द गिळायचेच असतात.) मी फुलस्टॉपची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही.

मग मी शाळेतली रीत पाळली. उभा राहिलो, हात वर केला आणि म्हणालो, "रिपीट, सर!"

साहेबानं पुन्हा सांगितलं.

"रिपीट, सर!" (तीनदा ऐकणं हा माझा हक्कच होता!)

तेवढ्यात आयनं सुकेळ्यांची ताटली पुढे केली. वाळवलेलं केळं ते, दातांना असं चिकटतं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. साहेबाला नेमकं तेच आवडलं!

"आय, ते नको देऊ त्याला!" मी कळवळलो.

"गप रे, पाव्हना हाय तो!"

"अगं, बोलू दे ना त्याला!"

"खाऊन बोलंल. घे रे बाबा साहेबा, आनखी एक घे."

आता अर्धे शब्द साहेब गिळत होता आणि उरलेले सुकेळ्यात अडकत होते. मी आणखी एकदा रिपीट मागितलं. तेव्हा साहेब थबकला. त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं, उठून माझ्या उजव्या कानाशी आला आणि असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. पण मोठ्यानं बोलल्यानं उच्चार थोडेच बदलतात? मी काकुळतीनं म्हणालो, "रिपीट, सर!" मग तो डाव्या कानात ओरडला.

इनासबाबा ताडकन उठले. "पास्कू, पोऱ्या बहिरा हाय?"

"नाय वो!"

"मग साहेब त्याच्या कानात का बोंबलतोय?"

काका उत्तर देणार, इतक्यात साहेबानं त्यांना बाजूला नेलं. काकांना त्याचं बोलणं कळायचं. जेवणावरून शिव्या खाऊन खाऊन कान तयार झाले होते. परत आले ते घाम पुसतच.

"लागली नोकरी," ते म्हणाले. "कारकून, मागांच्या खात्यात. तिथल्या खडखडाटात एकबी कारकून टिकत नाय, कान धरून पळतात. साहेब कवापासून बहिरा मानूस शोधत होता."

"पण काका, मी बहिरा नाही!"

"हळू बोल! साहेब आयकंल!"

मी इनासबाबांकडे पाहिलं. त्यांनी बराच वेळ डोकं खाजवलं.

"नोकरी पक्की ना?"

"पक्की," काका म्हणाले.

"मग बहिरा तर बहिरा. आमची कात्रीन बोलते बी लय. निभंल."

निभलं! गिरणीत कुणी हाक मारली तरी मान वळवायची नाही, हे मी कष्टानं शिकलो. मागांनीही आपलं काम चोख केलं. रिटायर होईतो माझे कान खरोखरच गेले, असं डॉक्टरांनी मला (ओरडून) सांगितलं. पण कात्रीनचा विश्वास बसेल तर शपथ! "सोंगं पुरे झाली, तुला समदं आयकू येते," असं ती बहुधा म्हणत असावी. तोंडाच्या हालचालीवरून माझा तसा अंदाज आहे. बिचारी तीन-तीनदा सांगते, नाही असं नाही. फुलस्टॉप मात्र तीही देत नाही.