मास्तरांच्या पाठीवरचं नाव

आमच्या बिल्डिंगमधले चौथ्या मजल्यावरचे मास्तर शिंपी होते, पण कुणाचा सदरा-पायजमा शिवून त्यांना जमाना झाला होता. बास्केटबॉलच्या स्टेडियमच्या फाटकासमोर त्यांचं एवढंसं दुकान, आणि काम एकच. लोक टीमची जर्सी घेऊन यायचे, मास्तर पाठीवर खेळाडूचं नाव आणि नंबर शिवून द्यायचे. ज्याचा जो लाडका, त्याचं नाव. टीम बरी खेळायची तेव्हा मशीनला दम खायला फुरसत नव्हती.

मग मालक बदलला. नव्या मालकाने चांगले चांगले खेळाडू वेचून विकले आणि टीव्हीवर येऊन सांगितलं, टीमची नव्याने बांधणी चालू आहे, थोडा धीर धरा. लोकांनी धरला की. काय करतील? तेव्हापासून मास्तरांकडे शिवायला कमी आणि उसवायला जास्त यायला लागलं.

उसवणं मोठं वाईट काम. धागा निघतो, पण सुईची भोकं तशीच राहतात. जर्सी उजेडात धरली की गेलेल्याचं नाव सरळ वाचता येतं. मास्तर मग नव्या नावाची अक्षरं जरा रुंद कापायचे, भोकं झाकली जावीत म्हणून. ते नवं नावही वर्षभरात विकलं जायचं. बेकरीवाला त्यांचा मॅचमधला सोबती, खुर्चीला खुर्ची लागून. तो एकदा म्हणाला, मास्तर, आता पाठीला चेनच लावा, नाव काढायला-घालायला बरं. दुकानातले सगळे हसले. मास्तर नाही हसले.

आता वहिनींचं. म्हणजे मास्तरांच्या बायकोचं. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि वहिनींचे गुडघे कामातून गेलेले. आधी आधी खाली उतरायच्या, चढताना मजल्या-मजल्यावर बसायच्या, आमच्या दाराशी पाणी प्यायच्या. मग उतरणंच सुटलं. लेक दुसऱ्या गावी. तिच्या घरात तळमजल्यावर एक खोली रिकामी, दार उघडलं की पाय जमिनीवर. ती सारखी बोलवायची, आई-बाबा, या ना इकडे. वहिनी तर मनाने केव्हाच जाऊन बसल्या होत्या. अडलं होतं मास्तरांपाशी. ते म्हणायचे, लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मॅच बघायला लागलो, आजवर कप बघितला नाही. एकदा जिंकू दे, दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप. असं म्हणत म्हणत सीझन येत होते नि जात होते. वहिनी आधी चेष्टा करायच्या, तुमच्या टीमची बांधणी होईपर्यंत माझी मोडतोड पुरी होईल. मग त्यांनी चेष्टाही सोडली.

तशात एका उंच पोराची हवा सुरू झाली. शाळा-कॉलेजातून खेळून आलेला, ताडासारखा, बॉल नुसता वरून ठेवायचा जाळीत. सगळ्या टीमना तो हवा होता. आणि नियम असा, की जी टीम सगळ्यात खाली राहील तिने नव्या पोरांतून पहिला निवडायचा. म्हणजे काय, की हरा. जितकं हराल तितकं चांगलं.

बेकरीवाल्याला हे लगेच पटलं. मास्तर आधी भडकले होते त्याच्यावर, हरण्यासाठी तिकीट काढून जायचं का म्हणून. पण हळूहळू तेही त्या रांगेत जाऊन बसले. मॅचवरून घरी यायचे ते फुललेल्या चेहऱ्याने. वहिनी विचारायच्या, जिंकलात का? तर म्हणायचे, हरलो, चांगले सपाटून हरलो. वहिनी त्यांच्याकडे बघत राहायच्या. माणूस ओळखीचा आहे का, असं बघतात ना, तसं.

सीझन संपत आला तेव्हा लेकीचा फोन आला. तिच्या सासूबाई पडल्या होत्या, एकट्या राहण्यासारख्या उरल्या नव्हत्या. लेक म्हणाली, तुम्ही येणार असाल तर मी त्यांचं दुसरं काही बघते, पण आता एकदा काय ते सांगा. वहिनींनी फोन मास्तरांच्या हातात दिला. तुम्हीच सांगा म्हणाल्या.

मास्तर म्हणाले, "जरा थांब बाळा. तो उंच पोरगा आपल्याकडे आला की एक सीझन, बास. मग आम्ही आलोच."

लेक मग बरं बाबा म्हणाली आणि फोन ठेवला.

आणि मास्तरांनी काय करावं? स्वतःच्या जर्सीवर त्या पोराचं नाव शिवून टाकलं. पोरगा अजून यायचाय, कुणाचा होणार ठाऊक नाही, आणि यांच्या पाठीवर येऊन बसला. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर त्यांनीच हाकलून दिलं असतं.

शेवटची मॅच रविवारी दुपारी. समोरची टीमही अशीच रडकी, तळाला जायला टपलेली. आपली हरली तर सगळ्यात खाली, आणि उंच पोरगा आपला. दोन्ही कोचनी बरे खेळाडू बसवून ठेवले. बॉल इकडून तिकडे जात होता, जाळीत टाकायला कुणाला घाई नाही, आणि लोक चुकलेल्या बॉलला टाळ्या वाजवत होते. अगदी शेवटी आपण दोन पॉइंटने मागे. वेळ संपतच आलेली. तेवढ्यात कोपऱ्यात एक बदली पोरगा उभा होता, त्याच्या हातात बॉल आला. त्याचं नाव मास्तरांनी कधी शिवलं नव्हतं, कुणी मागितलंच नव्हतं. त्याने लांबून, तीन पॉइंटच्या रेषेच्या पलीकडून, डोळे मिटल्यासारखा बॉल फेकला. तो गेला जाळीत.

जिंकलो. आणि सगळं स्टेडियम कण्हलं.

मास्तर उठून उभे राहिले. जो माणूस जन्मात स्वतःच्या टीमला वाकडा शब्द बोलला नव्हता, तो ओरडला, "अरे गाढवा, कुणी सांगितलं होतं तुला?"

पुढच्या रांगेत एकच बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. ती वळली. "माझा मुलगा आहे तो," एवढंच म्हणाली. मास्तर खाली मान घालून निघाले, आणि निघताना पाठ तिच्याकडेच झाली. पाठीवर त्या दुसऱ्याचं नाव.

घरी आले ते जिन्यातच ठरवून. वहिनींच्या समोर बसले आणि म्हणाले, "पुरे झालं. आवर, लेकीकडे जाऊ."

वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खोली दिली तिने सासूबाईंना. परवाच कळवलं."

"मला बोलली नाहीस?"

"तुमची मॅच होती ना."

मग त्यांनी भाजी धुवायला घेतली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर आमच्याकडे बसून बोलले. पण त्या भांडल्या नाहीत.

उंच पोरगा दुसऱ्या टीमने नेला. त्या बदली पोरालाही मालकाने काढून टाकलं, त्याच उन्हाळ्यात, आणि टीव्हीवर येऊन पुन्हा बांधणीचं सांगितलं. मास्तर जर्सी उसवायला बसले, तर कापड इतक्या वेळा टोचून विरलेलं, की नावाबरोबर पाठच फाटून आली. टाकायला निघाले तसं वहिनी म्हणाल्या, राहू द्या, पुसायला होईल. अजून ओट्यावर आहे ते फडकं.

मास्तर मॅचला अजून जातात. बेकरीवाला खालून हाक मारतो, हे निघतात. परत आले की वहिनी आता जिंकलात का विचारत नाहीत, हरलात का विचारत नाहीत. खिडकीपाशी बसलेल्या असतात. एवढंच विचारतात, खाली ऊन होतं का.