उजव्या हातातला कंदील

जे मी हौसाला सांगितलं नाही ते तुम्हाला कसं सांगू? पण ती गेली. वर्षश्राद्धही झालं. आता घरात ज्याच्यापासून लपवायचं असं कुणी उरलं नाही. म्हणून लिहितोय. अक्षर वाकडं आहे माझं. दुसरीतून शाळा सुटली ती सुटलीच. नंतर लिहा-वाचायला शिकवलं ते हौसानं — माझ्या बायकोनं. आणि कशावरून शिकवलं, तिथूनच हे सुरू होतं.

ती नेवाशाची. बापाचं रद्दीचं दुकान. लग्नात तिच्या पेटीत लुगड्यांच्या खाली चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं निघाली. आकाशात उडणारा माणूस, तोंड झाकून दरोडेखोरांना झोडणारा वीर, भुतं, हडळी. माणसांच्या तोंडातून फुगे निघायचे आणि फुग्यात त्यांचं बोलणं लिहिलेलं असायचं. ती फुग्यावर बोट ठेवायची, मी अक्षरं जुळवायचो. राहुरीच्या अलीकडं आमची वस्ती. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आधीची ही गोष्ट. चुलीच्या उजेडात बसून आम्ही वाचायचो, आणि मला वाटायचं, आपण काही अगदीच दगड नाही.

तिचं लाडकं पुस्तक कवटीवाल्याचं. अंगावर काळी घोंगडी, तोंडाच्या जागी पांढरी कवटी, उजव्या हातात कंदील. पाप केलेल्या माणसाच्या दारात जाऊन तो नुसता उभा राहायचा. बोलायचा नाही.

त्याच गोष्टीवर काढलेला पिक्चर बाजारच्या गावी तंबूत आला. त्या तंबूत पडदा मधोमध बांधलेला. पुढून गडी बघायचे, मागून बाया. मागून सगळं उलटं दिसायचं, डावं ते उजवं. आमच्या बाया भाकरी-कालवण उरकून पोचल्या तोवर पडद्यावरची नावं येऊन गेली होती. नाहीतर उलटी अक्षरं बघून हौसाच्या ध्यानात आलं असतं.

मी भ्यालो. लपवत नाही. कवटीवाला पडद्यावर आला आणि मी डोळे गच्च मिटून शेजारच्या चुलतभावाचा — रंगनाथचा — दंड धरला. चित्रातला कवटीवाला कागदावर बसून असतो. हा चालत अंगावर येत होता. परतताना बैलगाडीत रंगनाथनं ते सगळ्यांना सांगितलं.

हौसा खळखळून हसली. "अवो, पुस्तकात तर त्याच्या तोंडावर बोट ठिवून वाचता की! आन हितं डोळं मिटलं व्हय?"

सारी गाडी हसली. आई हसली. रंगनाथ म्हणाला, "वहिनी, उद्यापास्नं दादाला घुंगट घ्या म्हनावं."

"आन पिक्चरवाले चुकले बरं का," हौसा पुढं म्हणाली. "पुस्तकात कंदील उजव्या हातात हाय. ह्यांनी डावरा केला त्याला."

मला ठाऊक होतं, चूक त्यांची नव्हती. पण मी फुगून बसलो होतो.  एवढ्याशा हसण्याचं मला एवढं का लागावं? ज्या बाईनं हात धरून अक्षर शिकवलं, तिनं हसू नये — असं वाटलं असेल. माणूस असाच हलका असतो. निदान मी होतो.

तिला दिवस गेले होते. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी पुठ्ठा कापला, चुना फासला, डोळ्यांना भोकं पाडली. तिन्हीसांजेला ती गोवऱ्या आणायला गोठ्यात जायची. मी कडब्याच्या मागं घोंगडी पांघरून बसलो. ती आत आली, तसा कंदील मोठा करून उठलो. कंदील उजव्या हातात.

ती किंचाळली नाही. मला वाटलं होतं किंचाळेल, मग मी हसेन, फिटंफाट होईल. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "कोन हाय?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक शब्द — मी हाय, एवढा. पण ती भ्याली नाही, याचाच मला राग आला. मी पुढं सरलो. तशी ती मागं सरली, शेणावरून पाय निसटला आणि पोटावर पडली — दावणीच्या दगडावर.

मी तिला उचललं नाही.

कंदील विझवून पुठ्ठ्यासकट कडब्यात खुपसला आणि मागच्या खिंडारातून बाहेर पळालो. घोंगडी खांद्यावर टाकली आणि वळसा घालून पुढच्या दारानं ओरडत आलो, "काय झालं? काय झालं गं?" मग उचललं. माझ्याच अंगाला रक्त लागलं.

मूल गेलं.

आई म्हणाली, पिक्चरचं भ्याव बसलंय पोरीच्या मनात. तिथं थांबलं असतं तर बरं होतं. पण हौसा खोटं बोलायची नाही. ती म्हणाली, "न्हाई आत्याबाई. पिक्चरमधला डावरा हुता. ह्याच्या उजव्या हातात कंदील हुता. पुस्तकातलाच हुता त्यो."

झालं. म्हणजे हे पोरीच्या मनातलं नाही, तिच्या पेटीतून घरात आलेलं आहे. भगताला बोलावणं गेलं.

मी तेव्हा म्हणू शकत होतो, अगं, पुढून बघितलं तर पिक्चरमधलाही उजवाच होता. मागून उलटं दिसतं. तेवढं बोललो असतो तरी भगत आला नसता. पण कंदिलाचा विषय निघाला की आपला कंदील गोठ्यात कसा, इथवर बोलणं येईल, ही धास्ती. 

भगतानं तिचे केस धरून लिंबाच्या डहाळीनं झोडलं. मिरच्यांची धुरी दिली. "हिचं हात धरा," म्हणाला. कुणी धरले असतील? मी धरले. मी धरलेत म्हणून ती आधी निवांत होती. शेवटी खोकत खोकत म्हणाली, "व्हय, पुस्तकातनं आला. मीच आनला."

पुस्तकं तिनंच पेटीतून काढून दिली, एकेक करून. काडी मी लावली. त्यांच्या बुडाशी तो पुठ्ठाही सारला.

त्यानंतर तिनं छापील कागद हातात धरला नाही. पुन्हा दिवस गेले नाहीत. बारशाला, डोहाळजेवणाला तिला कुणी बोलावलं नाही — हिच्या मागं काहीतरी आहे म्हणून. पुढं घरात टीव्ही आला. उडणारे, बुरखा घातलेले वीर त्यात दिसायला लागले की ती उठून आत जायची. मी बघत बसायचो. आता डोळे मिटत नव्हतो.

आणि एक सांगायचं राहतंय. तेच खरं सांगायचंय.

आयुष्यभर ती आल्या-गेल्याला सांगायची, "त्या दिशी हे येळंवर आले म्हनून मी वाचले." माझी बाजू घेऊन आईशी भांडायची ती त्याच उपकारापोटी. पहिली गरम भाकरी माझ्या ताटात, ती त्यापोटीच. शेवटच्या दुखण्यात बोलणं जड झालं होतं, तरी माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमी आला म्हनून."

मी मान डोलावली.

मी आलो नव्हतो, हौसा. मी तिथंच होतो.