वैशालीचा इंटरव्ह्यू आणि माझी दुरुस्ती

लॅपटॉपमधलं मला सगळं कळतं, असा एक गैरसमज आमच्या पनवेलच्या घरात बरीच वर्षं सुखाने नांदत होता. तो पसरवणारा अर्थात मीच!

त्या सकाळी माझ्या बायकोचा, वैशालीचा, इंटरव्ह्यू होता. लेकीच्या जन्मानंतर सोडलेली नोकरी इतक्या वर्षांनी पुन्हा धरायची, म्हणून बिचारी रोज टायपिंगचा सराव करत होती. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डाचं ऑफिस. अकरा वाजता व्हिडिओवर बोलायचं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पत्र टाइप करून दाखवायचं. म्हणजे मोबाइल बाद, लॅपटॉपच हवा. लेकीला सांभाळायला सासूबाई आदल्या दिवशीच समुद्रकाठच्या करंजा गावाहून आल्या होत्या, सोबत पिशवीभर जवळा घेऊन. (जवळा म्हणजे इवलीशी सुकी कोळंबी. करंज्याचा माणूस रिकाम्या हाताने येतच नाही!) लॅपटॉपवर मालिका बघता बघता त्यांनी टेबलावरच तो जवळा निवडला होता.

सकाळी वैशालीने लॅपटॉप उघडला आणि किंचाळली, "अहो, हे बघा काय होतंय!"

पडद्यावर एकच अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं पळत सुटलं होतं. कुणी बोटही लावलं नव्हतं!

"कीबोर्डचा ड्रायव्हर बिघडलाय," मी गंभीरपणे निदान केलं. (तो आतला एक प्रोग्राम असतो. याहून जास्त मलाही माहीत नाही.)

"नक्की?"

"शंभर टक्के!"

ड्रायव्हर काढून टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. ड्रायव्हर आपोआप परत आला आणि मुंग्याही परत आल्या! मग मला चेव चढला. दिसेल तो ड्रायव्हर उडवत सुटलो आणि त्या भरात वाय-फायचाही उडवला. हा पठ्ठ्या काही केल्या परत येईना. नवा उतरवायचा तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेट हवं तर तो ड्रायव्हर!

"मघाशी एकच बिघाड होता हो," वैशाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तिनेच डोळे पुसले, मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडला आणि त्यावरून इंटरनेट सुरू केलं. पण अक्षराची ती रांग काही थांबेना. आता लॅपटॉप खोलावाच, या विचाराने मी हत्यारांची पेटी आणायला उठलो.

तेवढ्यात शेजारचा बोका खिडकीतून आत आला, थेट कीबोर्डवर चढला आणि एकच बटण चाटायला लागला.

"हाकला त्याला!" मी ओरडलो.

"थांबा वो, जावयबापू," सासूबाई म्हणाल्या. "बोका उगाच नाय येत. माझा जवळा हाय तिथं!"

"आई, हा ड्रायव्हरचा प्रॉब्लेम आहे."

"तुमी जरा गप बसा. वैशू, लॅपटॉप उपडा कर नि थोपट."

वैशालीने लॅपटॉप बंद केला, उपडा धरला आणि हलक्या हाताने थोपटला. बटणाच्या फटीतून जवळा टपकन टेबलावर पडला. आम्ही नीट बघायच्या आत बोक्याने पुरावा खाऊन टाकला! लॅपटॉप पुन्हा चालू केला, तर पडदा एकदम शहाण्यासारखा स्वच्छ.

"माझ्यामुलंच झाला गं हा सगला," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. वैशालीने त्यांना घट्ट मिठी मारली. आमच्या लेकीसाठी ही बाई स्वतःचं घर टाकून धावत आली होती. जवळ्याचा कसला दोष काढायचा? मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोही. (बोक्याच्याही पडलो असतो, पण तो पसार झाला होता.)

इंटरव्ह्यू सुरू झाला. लेकीच्या तोंडावर हात ठेवून मी दाराला कान लावला.

"काम करताना अचानक तांत्रिक अडचण आली, तर तुम्ही काय कराल?" पलीकडच्या साहेबांनी विचारलं.

"आधी नवऱ्याला खोलीबाहेर काढीन," वैशाली म्हणाली.

पलीकडे एकच हशा पिकला. संध्याकाळी निवड झाल्याचा फोन आला. साहेबांनी त्या उत्तराचं खास कौतुक केलं म्हणे. तेव्हा बायकोला नोकरी माझ्यामुळे लागली, हे मी आता सगळ्यांना छातीठोकपणे सांगतो!