ऑर्थेलियाने लावलेला शेवटचा पियानो

ऑर्थेलिया गेन्स माझ्या पार्लरच्या शेजारी राहायची. तिचा नवरा पियानोच्या कारखान्यात कामाला होता. तो गेला, तेव्हा तारा पिळायची त्याची किल्ली तिने उचलली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीटवरच्या क्लबांची दारं ठोठावली. पहिल्याच क्लबात एक वादक तिला म्हणाला, "आधी हाताचं पीठ तरी धुऊन या, बाई." तिने एक पट्टी दाबली, कान लावला आणि कुठली तार उतरलीय ते सांगितलं. पुढे डेट्रॉइटला येणारे बाहेरगावचे वादकही आधी विचारायचे, पियानो ऑर्थेलियाने लावलाय ना?

घरचा पियानो मात्र वेंडेलचा, तिच्या एकुलत्या एका मुलाचा. तो कोरियाच्या लढाईत मारला गेला. त्यानंतर तिने त्या पियानोला कुणालाही हात लावू दिला नाही.

मग आमच्या ब्लॅक बॉटम वस्तीतून, हेस्टिंग्ज स्ट्रीटवरूनच, मोठा रस्ता न्यायचं ठरलं. घरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या, क्लब एकेक करून बंद झाले. ऑर्थेलियाला अकराव्या मजल्यावर खोली मिळाली. पियानो लिफ्टमध्ये मावेना, जिन्यात वळेना. चर्चला द्यावा, तर चर्चही पाडणारच होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिचं सामान बांधायला गेले, तर ती पियानो उघडून तारा जुळवत बसलेली. मी म्हटलं, "अगं, परवा हे सगळं पाडणार आहेत. आता कशाला?"

"बेसूर टाकून जाऊ का त्याला?" मान वर न करता ती म्हणाली.

दिवस मावळेपर्यंत ती लावत होती. मग वेंडेल चर्चमध्ये वाजवायचा ते गाणं तिने एका बोटाने, अडखळत वाजवलं. तिला वाजवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

घर पाडताना ती समोरच्या फुटपाथवर उभी होती. भिंत कोसळली तसा आतून सगळ्या तारांचा एकदम आवाज झाला. तिने माझा दंड इतका घट्ट धरला की आठवडाभर वळ होते.

चार-पाच वर्षांनी दुसऱ्या वस्तीतल्या चर्चने तिला पियानो लावायला बोलावलं. मीच घेऊन गेले. तिने पट्टी दाबली, पुन्हा दाबली, बराच वेळ कान लावून बसली. शेवटी म्हणाली, "मला ऐकूच येत नाहीये गं."

पाद्रीबाबांचं बोलणं मात्र तिला नीट ऐकू येत होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि हेस्टिंग्ज स्ट्रीट कुठून जायचा ते त्या नव्या रस्त्याच्या रुंद सिमेंटमध्ये शोधत राहिली. मलाही दाखवता आलं नाही.