आईने शटर उघडलं

लग्नानंतर मी मस्कतला निघाले, तेव्हा विमानतळावर फक्त आई आली. अप्पा दुकानाच्या पायरीपर्यंत आले. डोक्यावर हात ठेवला, "सांभाळून राहा," म्हणाले आणि पटकन आत वळले. टॅक्सी सुटेपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

डोंबिवलीत मानपाडा रोडला आमचं हार्डवेअरचं दुकान. ऐंशीच्या दशकात तिथे बघावं तिकडे इमारती उठत होत्या. नवीन राहायला आलेला माणूस कडी-कोयंडा, नळाची तोटी न्यायला अप्पांकडेच यायचा. आई दुकानात जायची ती डबा द्यायला, तेवढीच. "हे बायकांचं काम नाही," हे अप्पांचं ठरलेलं वाक्य.

मस्कतला जेमतेम रुळले होते, तोच फोन आला. अप्पांना अर्धांगवायू. मी आले तर उजवा हात लुळा पडलेला, जीभ जड झालेली. नातेवाईक म्हणत होते, दुकान विकून टाका. आईने सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचला आणि मला म्हणाली, "चल गं, शटर जड आहे."

पहिले आले कोपरचे एक आगरी काका. स्वतःच्या जागेत चाळ बांधत होते.

"मालकांना बोलवा ना जरा."

"ते आजारी आहेत. मी आहे ना, बोला."

काकांनी मोठ्या बिजागऱ्या मागितल्या. आईने भलत्याच काढल्या. मला वाटलं, आता हे जाणार. पण ते फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "ती नाय वहिनी, तिच्या वरची. येल तुमाला हलूहलू."

संध्याकाळी अप्पांनी अडखळत विचारलं, "कोण... आलं होतं?" आई उत्साहाने सांगत बसली. थोड्या दिवसांनी तेच म्हणाले, "मलाही ने." मग तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. डाव्या हाताने माल दाखवायचे. ते जुनं वाक्य पुन्हा कधी ऐकलं नाही.

मी परत गेले. पुढच्या सुट्टीत बॅगांसकट थेट दुकानातच उतरले. आई एका प्लंबरशी हुज्जत घालत होती. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "बस जरा, ह्याचं आटपते."

मस्कतला माझा फ्लॅट ऐसपैस आहे. कुणी आलं की हातातलं टाकून मी दार उघडते, सरबत करते. इथे मात्र रंगाच्या डब्यावर बसून राहिले, कितीतरी वेळ. वाईट नाही वाटलं. उलट बरं वाटलं, की इथे मला अजून कुणी पाहुणी समजत नाही.