दुसरा पेला

आमच्या घरात भुतांचं खातं माझ्याकडे आहे. देवाधर्माचं थोरल्या भावाकडे, लग्नं जमवायचं वहिनीकडे आणि भुतं माझ्याकडे. दरवर्षी मे महिन्यात सगळी भावंडं पोराबाळांसकट कसबा बावड्याच्या घरी जमतात, रविवारी मटण होतं, आणि जेवून सुस्तावलेल्या मंडळींना मी एक भुताची गोष्ट सांगतो. वीसेक वर्षं हे चाललंय. मला कुणी निवडून दिलं नव्हतं. विरोधात कुणी उभं राहिलं नाही, एवढंच.

पात्रता मात्र होती. मी अकरा वर्षांचा असताना चुलत भावानं मला शहरात भुताचा सिनेमा बघायला नेलं. पडद्यावर नावं सुरू झाली तेव्हा मी डोळे मिटले, ते लोक खुर्च्यांखाली चपला शोधायला लागले तेव्हा उघडले. मधले तीन तास मी तो सिनेमा कानांनी बघितला. दार करकरत होतं, पैंजण वाजत होते, कुठंतरी कुत्रं रडत होतं. आणि आमचं कोल्हापूरचं पब्लिक त्या नायिकेला जीव तोडून सांगत होतं. "अगं, मागं बघ की!" माझ्या शेजारचे एक पैलवान तर शांतपणे वाट दाखवत होते, "डाव्या अंगाला दार हाय, बाई. तिकडनं नीघ."

दुसऱ्या दिवशी शाळेत मी अख्खा सिनेमा सांगितला. भूत कसं दिसतं ते मला ठाऊकच नव्हतं, म्हणून ते सोडून बाकी सगळं सांगितलं. एकजण रडला. ज्यानं सिनेमा खरोखर बघितला होता तो म्हणाला, असलं काही नव्हतं, एक केसाळ माणूस होता आणि त्याच्या पाठीला सोंगाच्या कपड्याची चेन दिसत होती. त्याचं कुणी ऐकून घेतलं नाही.

पुढं मी भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानातली भुताची सगळी पुस्तकं वाचली. त्यांची शेवटची पानं हमखास फाटलेली असायची. शेवट मी माझा मीच लावायचो, आणि तो बरा लागायचा असं माझं प्रामाणिक मत आहे. या धंद्यात काय काय बदललं ते मी डोळ्यांनी (बरंचसं बोटांच्या फटीतून) बघितलंय. पूर्वीचं भूत गावाबाहेर राहायचं. त्याचं काहीतरी देणंघेणं असायचं: सुनेला विहिरीत ढकललेलं, भावानं भावाला गाडलेलं. हिशेब चुकता झाला की ते जायचं. मग माणसं फ्लॅटमध्ये राहायला गेली, भुतंही गेली. लिफ्टमध्ये शिरली, टीव्हीत शिरली, आता फोनमध्ये आहेत. नव्या भुताला काही कारणच लागत नाही. ते उगाच येतं, आणि पुष्कळदा ते घरातलंच कुणीतरी निघतं. जुन्या भुतापासून पळता तरी यायचं. नव्याबरोबर जेवायला बसावं लागतं. मला दोन्ही आवडतात. नवे सिनेमे मी दिवे लावून आणि आवाज बंद करून बघतो, ही बातमी माझ्या बायकोनं फोडलेली आहे.

यंदा पुण्याहून भाची आली ती प्रोजेक्टर घेऊनच. एकोणीस वर्षांची आहे, जगातल्या सगळ्या देशांची भुतं तिनं बघून ठेवलीत.

"मामा, यंदा गोष्ट नको. संध्याकाळी गच्चीवर सिनेमा लावू या."

"का गं?"

"तू छान सांगतोस रे. पण भीती नाही वाटत."

मी बायकोकडे बघितलं. ती कांदा चिरत म्हणाली, "पोरं दरवर्षी हसू दाबून बसतात. तुम्हाला वाटतं घाबरलीत."

वीस वर्षांचं खातं असं कांद्याबरोबर चिरलं जाताना बघून मी म्हटलं, एक संधी द्या. सिनेमाला अंधार लागतो, मला लागत नाही. भर दुपार ही भुतांची जुनी पाळी आहे. आज दुपारी गोष्ट सांगतो. भाची घाबरली नाही, तर पुढच्या वर्षीपासून गच्ची तिची.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर आहे, त्यामुळे जुन्या मालाला नव्या साच्यात ओतायचा मोह मला फार. दुपारी मी तेच केलं. भाचीला आवडावा म्हणून नायकाला त्याच्याच नंबरवरून फोन आणला, आरशात भलतीच सावली घातली, टॉवेल डोक्यावर घेऊन किंचाळलो. बारकी पोरं खिदळायला लागली. भाची अगदी मायेनं म्हणाली, "मामा, फोनवालं आता जुनं झालं." सगळ्यांत थोरल्या मेहुण्यांना तोवर झोप लागली होती. मी टॉवेलची घडी घातली आणि म्हटलं, झालं, गच्ची तुझी.

पाचच्या सुमाराला बायकोनं उरलेल्या मटणाचा डबा भरला. आमची म्हातारी आत्या साखर कारखान्याच्या बाजूला एकटीच राहते, मध्ये उसाचा एक पट्टा लागतो. दर रविवारी कुणी ना कुणी तिला डबा देऊन येतं. मटणाचा डबा उन्हं कलल्यावर घराबाहेर न्यायचा तर त्यावर कोळशाचा खडा ठेवायचा, म्हणजे वासानं काही मागं लागत नाही, अशी आमच्याकडे रीत. गॅस आल्यापासून घरात कोळसा कुठला? म्हणून मी फाउंड्रीतून कोकचा, म्हणजे भट्टीतल्या कोळशाचा, एक खडा आणून ठेवलाय. बारा वर्षं तोच जातो आणि परत येतो.

डबा घेऊन जायचं भाचीनं कबूल केलं होतं. खडा बघून तिला हसूच आवरेना.

"मामी, भूत मटणासाठी येणार आणि हे बघून परत जाणार?"

"ने गं, काय वजन होतंय का?"

तिनं खडा उचलून ओट्यावर ठेवला. मी दारात चपला नीट लावत होतो. हरलेला माणूस दुसरं काय करणार?

"राहू दे," मी म्हटलं. "मीपण एकदा विसरलो होतो."

"मग?"

"काही नाही. डबा पोचला."

"मग झालं की."

"हो. आत्यानं पाणी आणलं, बसलो, आलो. दोन पेले आणले होते तिनं. मी एकटाच होतो."

एवढंच. ना टॉवेल, ना किंकाळी. भाची म्हणाली, "काहीही हं, मामा," आणि मोपेड काढून गेली.

आता खरं सांगतो. मी तो खडा कधीच विसरलेलो नाही, माझी तेवढी हिंमत नाही. पण आत्या पाहुण्यापुढं नेहमी दोनच पेले आणते. पाहुण्याबरोबर स्वतःची पाच वाजताची गोळी घेते, म्हणजे विसरत नाही. हे बावड्यातल्या आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुण्याला माहीत नाही.

वीस मिनिटांनी फोन आला. आवाज बारीक.

"मामा, मला न्यायला ये ना."

"गाडी बंद पडली?"

"नाही. तू ये." मग जरा थांबून, "येताना ते घेऊन ये. ओट्यावरचं."

मी खिशात कोळसा घालून निघालो, तेव्हा माझ्यासारखा ताठ चालणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल. परत येताना भाचीची मोपेड माझ्या स्कूटरला इतकी चिकटून होती की मला दोनदा मागं बघावं लागलं. दिवेलागणीनंतर गच्चीवर तिचा सिनेमा झाला. तो खरोखर चांगला होता. ती माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसून होती, आणि भुतापेक्षा जिन्याकडे जास्त बघत होती. सिनेमा संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाली, "पुढच्या वर्षी मामाची गोष्ट आधी." बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी नम्रपणे आकाशाकडे.

भीती म्हणजे काय ते मला तेव्हा पुरतं कळलं, असं वाटत होतं. जे दाखवत नाही ते ज्यानं त्यानं आपल्या घरातून आणून भरायचं. चेन दिसली की खेळ संपला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना मी रिकामा डबा आणायला आत्याकडे गेलो. ऊन अजून अंगणात होतं. विजयाचा आनंद वाटून घ्यायला आपलं माणूस हवं, म्हणून तिला सगळी गोष्ट सांगायची असं ठरवून बसलो. ती दोन पेले घेऊन आली. एक माझ्यापुढं ठेवला, एक माझ्या शेजारी.

"घे की गोळी," मी म्हटलं.

"गोळी कसली?" आत्या म्हणाली. "ती डाक्टरनं बंद केलीया. पाडव्यापास्नं न्हाय घेत मी."

मी माझं पाणी प्यालो. डबा उचलला. दुसरा पेला कुणाचा, हे विचारायला जेमतेम तीन शब्द लागले असते. आत्या समोरच उभी होती, आणि तिनं सांगितलंही असतं.

मी विचारलं नाही. भुताचं खातं सांभाळणाऱ्याला डोळे कधी मिटायचे हे कळावं लागतं, आणि ते मला अकराव्या वर्षापासून येतं.