सुकी खुर्चीतून उठली नाही

सुकी लहान असताना झरीच्या एका हळदीत मांडवामागून तिनं दोन बायकांचं भांडण ऐकलं होतं. नवऱ्यामुलाची आई सुकीच्या मावशीला म्हणत होती, "वाजवणारा माझा भाऊ आहे. तू उठ, म्हणजे बाकीच्या उठतील."

"तुझा भाऊ ढोल वाजवतो का डबा बडवतो? मी नाय उठत. माझे पाय काय भाड्यानं आणलेत?"

"मग जेवायला बरी आलीस!"

"जेवण तू रांधलंस. ते चांगलं आहे."

दोघी वर्षभर बोलल्या नाहीत. सुकीला मात्र मावशीचंच पटलं.

मोठेपणी मावशीची ती जागा सुकीकडे आली. दिवसा ती डहाणूकडच्या वाडीत चिकू तोडायला जायची आणि लग्नसराईत धाकट्या भावाच्या, दौलतच्या बेंजो पार्टीच्या टेम्पोत पुढे बसून हळदीला. पार्टीत ती काही वाजवत नसे. तिचं काम एकच, नाचायला पहिलं उठायचं. तेही घाईनं नाही. आधी पोटभर जेवायचं, हात धुवायचे, मांडीवरचं कुणाचं तान्हं दुसरीच्या मांडीवर द्यायचं, लुगडं आवळायचं आणि मग एक लांब आरोळी ठोकायची. तोवर दौलत तेच गाणं घोळवत ठेवी. सुकी उठली की अख्खा पाडा उठे, आणि मग गाणं थांबायचं नावच घेत नसे.

असा दौलत मोठा झाला. तलासरीपासून गंजाडपर्यंत रिक्षा-रिक्षात त्याचा आवाज. कॉलेजच्या पोरी त्याच्याबरोबर फोटो काढायच्या.

मग त्याला अवदसा आठवली. डहाणूच्या जतीनशेठची चिकूची मोठी वाडी होती, आणि गाण्यातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची स्वतःची समजूत होती. त्यानं दौलतच्या डोक्यात भरवलं, हळदी-बिळदी पुरे, आता फंक अल्बम काढ.

"फंक म्हणजे काय रे?" सुकीनं विचारलं.

"अमेरिकेतलं नाचायचं गाणं असतं, बाय."

"नाचायचं असेल तर चांगलंच असणार," सुकी म्हणाली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

रिक्षास्टँडवर फलक लागला. उघडी छाती, चकचकीत जांभळी पँट, काळा चष्मा, आणि पोट आत ओढून उभा दौलत. सुकीनं पदर नाकाला लावला, जसा काही फलकालाच वास मारत होता.

अल्बमचा कार्यक्रम डहाणूच्या एका हॉलमध्ये ठेवला. आदल्या संध्याकाळी दौलत बहिणीच्या दारात आला.

"बाय, उद्या तू उठायचं. तू उठलीस की लोक उठतात. नाय तर माझं हसं होईल, यंदाच्या ऑर्डरी जातील."

"गाणं लागलं आणि मी बसून राहिले, असं कधी झालंय का?"

हॉलमध्ये खुर्च्या इतक्या खेटून लावल्या होत्या की नाचायचं म्हटलं तरी पुढच्याच्या डोक्यावर. गाणं सुरू झालं. खालून ढब, ढब, पोट बिघडलेल्या म्हशीनं शेण टाकावं तसा आवाज. दौलत गातच नव्हता. नुसता हूं, आँ, हूं करत कुंथत होता. तरी भावासाठी म्हणून सुकीनं लुगडं आवळायला हात घातला, तर गाणं संपलं! दुसरं लागलं, तेही ती सावरते तोवर संपलं. ताटात वाढायचं आणि घास उचलायच्या आत ताट ओढायचं, असला प्रकार.

तिसऱ्या गाण्यात मात्र तिचा हात जागीच राहिला. तिची स्वतःची आरोळी! कुठल्या तरी हळदीत कुणी मोबाइलवर धरलेली. तिचे तुकडे करून पुन्हा पुन्हा लावले होते, मान दाबलेल्या कोंबडीसारखे. आपण टाकलेलं उष्टं कुणी उचलून, वर कोथिंबीर पेरून पुढ्यात ठेवावं, तशी तिला शिसारी आली.

पुढच्या रांगेत जतीनशेठची माणसं वेफर खात "वा, वा" करत होती. स्टेजवरून दौलत तिच्याकडे बघत होता. चष्मा काढून बघत होता. सुकीला ते दिसलं. ती उठली नाही. मग कुणीच उठलं नाही.

मोबाइलवर लोकांनी लिहिलं, "दादा, आमच्या हळदीची ऑर्डर रद्द समजा." जतीनशेठ फोन उचलेनासा झाला. दौलत झरीभर सांगत फिरला, "सख्खी बहीण उठली नाय, परके कशाला उठतील?" टेम्पो तिच्या घरावरून जायचा, पण थांबायचा नाही. सुकीनं जेवण अर्धं केलं, पण 'चुकलं' म्हणाली नाही. "मी उठून नाचले असते, तर त्यानं असले आणखी चार अल्बम काढले असते," एवढंच ती शेजारच्या रूपीला म्हणाली.

नंतरच्या वर्षी दौलतच्या मुलाचं, उमेशचं लग्न ठरलं. आवतणाचे हळदीचे तांदूळ घेऊन आत्यानं घरोघर फिरायचं, ही तिथली रीत. दौलत सूप घेऊन दारात आला.

"बाय, बेंजोच आहे. ते दुसरं नाय."

"मी विचारलं का? किती वाळका झालायस, वहिनी जेवायला घालत नाय का?"

तिनं सूप घेतलं. तिच्या छातीत दुखत होतं, ते कुणाला सांगितलं नाही. हळद लागायच्या आधीच ती गेली, म्हणून ते आवतण तिचं शेवटचं.

त्या आवतणाच्या सकाळी न्हाऊन ती पाड्याच्या वरच्या टोकापासून निघाली होती. प्रत्येक उंबऱ्यावर चिमूटभर तांदूळ ठेवले, म्हातारीकोतारी असेल तर तिच्या हातात दिले. "दौलतकडे हळद आहे. सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायची नाय."

"वाजवणार कोण?" रूपीनं विचारलं.

"दौलतच. जेवून, हात धुऊन, सावकाश उठा. तो थांबेल."

सगळी घरं होईतो पाणी प्यायचं नसतं. तिनं प्यायलं नाही. रूपीच्या दारावरून ती उतारानं पुढच्या घराकडे गेली.